पदच्युत राजा : 'ताओ ते चिंग'च्या एका आधुनिक भाषांतराचे वाचन

१

प्राचीन संहितेचे भाषांतर आणि तिचे वाचन या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, अशी समजूत अभ्यासकांत रूढ आहे. भाषांतरकाराने मूळ अर्थ दुसऱ्या भाषेत आणावा आणि समीक्षकाने त्याचा अन्वय लावावा, अशी ही श्रमविभागणी. 'ताओ ते चिंग'सारख्या ग्रंथापुढे ती टिकत नाही. सुमारे पाच हजार चिन्हांचा हा ग्रंथ ज्या अभिजात चिनी भाषेत रचला गेला, तिच्यात नामाला लिंग-वचनाचे प्रत्यय नाहीत, क्रियापदाला काळ नाही आणि कर्ता पुष्कळदा अध्याहृत असतो. भाषांतराच्या भाषेला मात्र या प्रत्येक ठिकाणी काही ना काही ठरवावेच लागते. असा प्रत्येक निर्णय हे एक वाचनच असते. व्याकरणाच्या आड दडल्यामुळे ते वाचन म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती अभ्यासनीय ठरते ती या कारणाने. ल ग्विन यांना चिनी भाषा येत नव्हती. त्यांचे वडील, मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर, यांच्या संग्रहात पॉल केरस यांची १८९८ ची आवृत्ती होती. तीत चिनी चिन्हे, त्यांचे उच्चार आणि शब्दशः अर्थ दिलेले होते. तिच्या आधारे, आधीची अनेक भाषांतरे शेजारी ठेवून आणि चिनी भाषेचे प्राध्यापक जे. पी. सीटन यांच्या साहाय्याने त्यांनी हे काम कित्येक वर्षांत पूर्ण केले. आपल्या कृतीला 'भाषांतर' म्हणण्याचेही त्यांनी टाळले. चिनी न जाणता या ग्रंथाला हात घालणाऱ्या त्या एकट्या नव्हेत. स्टीव्हन मिचेल यांची १९८८ ची लोकप्रिय आवृत्तीही अशीच इतर भाषांतरांवर उभी आहे. तेव्हा भाषेच्या अज्ञानाचा आक्षेप घेऊन थांबणे सोपे आहे, परंतु त्याने फारसे काही साधत नाही. ल ग्विन यांनी आपले महत्त्वाचे निर्णय टिपांमधून उघड केले आहेत, आणि त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालणे शक्य होते.

२

पहिला निर्णय 'शंग-रन' या संज्ञेविषयीचा. 'रन' म्हणजे माणूस. त्याला स्त्री-पुरुष असा भेद नाही. जेम्स लेग (१८९१) यांच्यापासून डी. सी. लाऊ (१९६३) यांच्यापर्यंत इंग्रजी भाषांतरांत या संज्ञेसाठी 'सेज' हा शब्द स्थिरावला आणि त्यामागोमाग पुल्लिंगी सर्वनाम आले. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसले तरी तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनाम लिंगाची निवड करायला लावते. ल ग्विन यांनी अनेक ठिकाणी 'वाइज सोल', म्हणजे 'शहाणा जीव', असा पर्याय योजून ही सक्ती चुकवली. सर्वनामाची अडचण त्यांना नवी नव्हती. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीत स्थिर लिंगभेद नसलेल्या माणसांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती आणि पुढे त्यांनी आपली भूमिका लेखातून तपासून पाहिली होती. ज्याला मागील भाषांतरकार व्याकरण समजत होते तो खरे तर संकेत होता, हे त्यांच्या पर्यायाने दाखवून दिले. हा लाभ निर्विवाद आहे.

परंतु या पर्यायाची एक किंमतही आहे. 'शंग-रन' ही संज्ञा युद्धमान राज्यांच्या काळातील विचारविश्वात केवळ शहाणपणाची निदर्शक नव्हती. आदर्श राज्यकर्त्याची कल्पना तिच्यात मिसळलेली होती. 'सोल' या शब्दाने शहाणपण आत, अंतःकरणात नेले. तिसऱ्या प्रकरणात हा 'शहाणा जीव' राज्य करताना दिसतो खरा, पण तेथे त्याचे शासन एखाद्या रूपकासारखे वाटू लागते. प्रजेची मने रिती व पोटे भरलेली ठेवण्याचा जो उपदेश त्या प्रकरणात आहे, त्यातील अस्वस्थ करणारा भाग यामुळे सौम्य होतो.

३

दुसरा निर्णय अधिक धाडसी आहे. पंचविसाव्या प्रकरणात विश्वातील चार थोर गोष्टींची गणना येते. ताओ, आकाश आणि पृथ्वी या तिघांनंतर प्रचलित संहितेत चौथे स्थान 'वांग' म्हणजे राजा याला आहे. लगेच पुढे हीच मालिका उलट्या क्रमाने येते: कोण कोणाचा कित्ता गिरवतो, हे तेथे सांगितले आहे. पण तेथे राजा नाही, 'रन' म्हणजे माणूस आहे. या विसंगतीवरून ल ग्विन यांनी असा तर्क केला की, राजा हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतील एखाद्या नकलनविसाने मागाहून घुसडला असावा. तो ग्रंथाच्या वृत्तीशी विसंगत आहे, म्हणून आपण त्याला पदच्युत केले, असे त्या टिपेत मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या आवृत्तीत चौथे स्थान मानवजातीला मिळते. उत्तरकालीन काही चिनी प्रतींतही 'राजा'च्या जागी 'माणूस' आढळतो. तेव्हा हा पाठ सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

तथापि पाठचिकित्सेचा पुरावा या तर्काच्या विरुद्ध आहे. १९७३ साली मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मधील थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. त्यांत राजा आहे. १९९३ साली हूपेइ प्रांतात ग्वोदियान येथील थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले वेचे सापडले. ते इसवी सनपूर्व ३०० च्या सुमाराचे मानले जातात आणि १९९८ मध्ये, म्हणजे ल ग्विन यांची आवृत्ती निघाल्यावर, प्रसिद्ध झाले. या वेच्यांत पंचविसावे प्रकरण आहे आणि त्यातही राजा आपल्या जागी आहे. याच पट्ट्यांवरील एकोणिसाव्या प्रकरणात, प्रचलित संहितेत आढळणारा मानवता व नीती या कन्फ्यूशियन मूल्यांवरील हल्ला नाही. ज्या दोन परंपरांच्या वैरावर ल ग्विन यांचा तर्क उभा आहे, ते वैरच ग्रंथाच्या या जुन्या स्तरात तितके तीव्र दिसत नाही.

पण या मुद्द्याचा निकाल केवळ पुरातत्त्वाने लागत नाही. उद्या राजा नसलेली आणखी जुनी प्रत मिळाली, तरी एक वाङ्मयीन प्रश्न उरतोच: राजा असलेली संहिता वाचताना नेमके काय घडते? येथे एका लहानशा शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. ताओ, आकाश आणि पृथ्वी यांचे मोठेपण सरळ विधानाने सांगितले आहे. राजाच्या वेळी मात्र 'यी' हे अव्यय आले आहे; त्याचा अर्थ 'सुद्धा'. मराठीत ते काम 'ही' या एका शब्दयोगी अव्ययाने होते: 'राजाही'. हे 'ही' एकाच वेळी मान देते आणि मर्यादा घालते. राजाचे मोठेपण स्वयंसिद्ध नाही. ते इतर तिघांच्या पंक्तीत मागाहून जोडले गेलेले आहे. त्यानंतर लगेच मालिका उलटते आणि सर्वांत खालच्या पायरीवर, पृथ्वीचा कित्ता गिरवणारा म्हणून जो उभा राहतो, त्याची 'राजा' ही उपाधी गळून पडलेली असते. तो नुसता माणूस असतो. वांग बी (२२६–२४९) या भाष्यकाराने राजा हा माणसांचा प्रमुख आहे, असे सांगून या दोन शब्दांचा सांधा जुळवला होता. पण संहितेची गती त्याच्या भाष्याहून अधिक सूक्ष्म आहे. राजाला आधी चौथ्या आसनावर बसवायचे आणि पुढच्याच वाक्यात माणूस म्हणून जमिनीवर उतरवायचे, अशी ही रचना आहे.

म्हणजे ल ग्विन यांना जी विसंगती वाटली, तीच या प्रकरणातील घटना आहे. राजाला पदच्युत करण्याचे काम संहिता स्वतः वाचकादेखत करते. भाषांतरात राजा आधीच काढून टाकल्यामुळे दोन्ही मालिका सुसंगत झाल्या, परंतु त्यांच्यामध्ये घडणारा उतार नाहीसा झाला.

४

राजा ग्रंथाच्या वृत्तीशी विसंगत आहे, हे गृहीतही तपासून पाहिले पाहिजे. सतराव्या प्रकरणात उत्तम राज्यकर्ता तो, ज्याच्या अस्तित्वापलीकडे प्रजेला काही ठाऊक नसते. बत्तिसाव्या आणि सदतिसाव्या प्रकरणांत सरदार आणि राजे यांच्याविषयीची विधाने सशर्त आहेत: ते ताओला धरून राहू शकले, तरच सारे आपोआप मार्गी लागेल. एकोणचाळिसाव्या प्रकरणात राजे स्वतःला पोरके आणि अपात्र म्हणवून घेतात, याची आठवण दिली आहे. अठ्ठ्याहत्तराव्या प्रकरणात तर राज्याची घाण आणि अरिष्ट आपल्या अंगावर घेणारा, तोच राजा अशी व्याख्या येते. या ग्रंथात राजा उपरा नाही; तो ज्याला उद्देशून बोलले जाते तो श्रोता आहे. उपलब्ध असलेले सर्वांत जुने भाष्यही 'हान फेइत्झू' या राजनीतीच्या ग्रंथात सापडते, हा योगायोग नव्हे.

हा श्रोता कायम ठेवला की 'वू-वेई' या मध्यवर्ती कल्पनेचा अर्थ पालटतो. 'न करणे' हा उपदेश ज्याच्या हातात सैन्य, करवसुली आणि दंड आहे त्याला केला, तर तो सत्तेवरचा निर्बंध ठरतो. तोच उपदेश सत्ताहीनाला केला, तर तो फार तर मनःशांतीचा उपाय होतो आणि वाईट अर्थाने सोसत राहण्याची शिकवण होतो. पंचाहत्तराव्या प्रकरणात प्रजेच्या उपासमारीचे कारण वरच्यांनी खाल्लेला कर हे दिले आहे. ते वाक्य नुसते दुःखाचे वर्णन न राहता आरोप ठरते, ते आरोपी समोर बसलेला असल्यामुळे. सत्ता नसलेल्या आणि कदाचित पुरुष नसलेल्या आजच्या वाचकासाठी ल ग्विन यांना हा ग्रंथ खुला करावयाचा होता. हेतू उदार आहे आणि 'द डिस्पझेस्ड' (१९७४) लिहिणाऱ्या अराज्यवादी लेखिकेला तो शोभणारा आहे. युद्ध आणि करभार यांविषयीची प्रकरणे त्यांच्या आवृत्तीत धारदार उतरली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पण राजाला उद्देशून केलेले बोलणे बाजूला उभे राहून ऐकणारी प्रजा, ही भूमिका नव्या वाचकाला अधिक मोलाची ठरली असती. त्याला श्रोत्याच्या आसनावर बसवताना राजाकडून जे मागितले होते, ते त्याच्याकडून मागितले जाऊ लागले. अराज्यवादाच्या भूमिकेतून केलेल्या एका दुरुस्तीने ग्रंथाचे राजकारण सौम्य व्हावे, हा या भाषांतरातील खरा पेच आहे.

५

हा पेच इंग्रजीपुरता मर्यादित नाही. मराठी वाचक या ग्रंथाकडे बहुधा इंग्रजीवाटे येतो. अशा दुहेरी प्रवासात संहिता पोचते, टीप पोचतेच असे नाही. टीप गळाली की ल ग्विन यांनी जाहीरपणे केलेली पदच्युती मुकाट्याने मूळ पाठ होऊन बसते. शिवाय मराठीचे स्वतःचे संकेत आहेतच. 'शंग-रन'साठी 'संत' हा शब्द सहज सुचतो. पण मराठीतील संत वारकरी परंपरेच्या स्मृतीसह येतो आणि त्या स्मृतीत तो सिंहासनापासून दूर उभा असतो. या एका शब्दाने राजा पुन्हा, आणि यावेळी कोणतीही टीप न लिहिता, बाहेर जाईल.

'ताओ'च्या बाबतीत भारतीय भाषांजवळ एक जुना दृष्टांत आहे. कामरूपाचा राजा भास्करवर्मा याच्या विनंतीवरून इसवी सन ६४७ मध्ये थांग सम्राटाने हा ग्रंथ संस्कृतात आणण्याचे काम ह्युएनत्संगाकडे सोपवले. त्या वेळी ताओपंथी पंडितांनी 'ताओ'साठी 'बोधि' या शब्दाचा आग्रह धरला, तर ह्युएनत्संग 'मार्ग' या शब्दावर ठाम राहिला. बोधि म्हणजे जागृती आणि ताओ म्हणजे वाट, असा त्याचा मुद्दा होता. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. वादाची नोंद तेवढी उरली आहे. ताओपंथीयांना आपला शब्द बौद्धांच्या सर्वोच्च शब्दाच्या बरोबरीला आणायचा होता. ह्युएनत्संगाला तो त्याच्या जागी ठेवायचा होता. त्याच्या आग्रहात सांप्रदायिक अहंता नव्हती असे नाही, परंतु भाषांतराचे तत्त्व म्हणून तो विचारार्ह आहे. लक्ष्यभाषेतील भारदस्त शब्द हा नेहमीच अधिक चांगला शब्द असतो असे नाही. 'ताओ'साठी 'ब्रह्म' योजणाऱ्या आजच्या भाषांतरकाराने हा वाद आठवावा. 'मार्ग' शब्दही मराठीत ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग अशा समासांनी साध्याकडे नेणारा झाला आहे. 'वाट' हा शब्द तुलनेने मोकळा आहे. कोठेही न पोचणारीही वाट असू शकते.

ल ग्विन यांच्या आवृत्तीचे मोल या आक्षेपांनी कमी होत नाही. निर्दोष वाटणारी कित्येक भाषांतरे असे निर्णय सर्वनामांत आणि विशेषणांत लपवून ठेवतात. या आवृत्तीने निदान आपण कोणाला काढले, हे सांगितले. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्याने संहिता आणि टीप यांना एकाच कृतीचे दोन भाग मानून वाचावे, हा धडा तीतून मिळतो. राजाला त्याच्या चौथ्या जागी परत बसवले, म्हणजे राजेशाहीचे समर्थन होत नाही. पुढच्याच वाक्यात तो उतरणार आहे. भाषांतराने ते उतरणे वाचकाला पाहू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.