गोरिला, गस्त आणि तिकिटाचे पैसे

डायॲन फॉसी यांचे ‘गोरिलाज इन द मिस्ट’ हे पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. शाळेच्या ग्रंथालयात ते जरूर असावे. रवांडातील विरुंगा पर्वतात १९६७पासून तळ ठोकून बसलेल्या या बाई नाकावरच्या सुरकुत्यांवरून एकेक गोरिला ओळखू लागल्या. निरीक्षण म्हणजे काय, हे सांगणारा याहून चांगला धडा आम्हांला तरी माहीत नाही.

आमचा वाद आहे तो पर्यटनाविषयीच्या त्यांच्या मताशी. गस्त घालणे, शिकाऱ्यांचे फास तोडणे हे त्या ‘सक्रिय’ संरक्षण मानतात; पर्यटनवाढ त्यांच्या लेखी नुसती ‘सैद्धान्तिक’. हा कडवटपणा समजण्यासारखा आहे. त्यांच्या लाडक्या डिजिट या नराचे छायाचित्र रवांडाच्या पर्यटनाच्या पोस्टरवर झळकले होते, आणि १९७७च्या अखेरीस तोच डिजिट शिकाऱ्यांच्या भाल्यांना बळी पडला.

पण गोरिला राखायचे तर जमीन हवी. याच उद्यानाचा मोठा तुकडा १९६९च्या सुमारास पायरेथ्रमच्या लागवडीसाठी तोडून दिला गेला. गोरिलांपासून काहीच उत्पन्न नसते, तर उरलेले जंगल तरी टिकले असते का? याचे समाधानकारक उत्तर पुस्तकात सापडत नाही. १९७९नंतर तेथे बेताबेताने पर्यटन सुरू झाले. एका टोळीकडे दिवसाला आठच पाहुणे, तेही तासभर. २०१७ साली परवान्याचे शुल्क १५०० डॉलर झाले. विरुंगातील गोरिला १९८१च्या सुमारास अडीचशे होते. २०१५-१६च्या गणनेत ६०४ भरले.

मग फॉसी चुकल्या का? इतके सोपे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाला सरावलेल्या टोळ्या वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या, न सरावलेल्या किंचित घटलेल्या. (या वेगाने संख्या दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, हे वर्गात विचारून पाहावे.) परंतु सरावलेल्या टोळ्यांजवळ रोज पहारेकरी जातात, फासात अडकलेल्या जनावरावर पशुवैद्य उपचार करतात. म्हणजे उपाय फॉसींचाच. त्याचा खर्च मात्र बराचसा पर्यटकांच्या खिशातून येतो.

आणि त्यांची धास्तीही खोटी नव्हती. माणसाचा सर्दी-खोकला गोरिलांना होतो, प्रसंगी जिवावर बेततो. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे पर्यटन बंद ठेवावे लागले. तिकिटे थांबली, पहारेकऱ्यांना मात्र रोज सकाळी जंगलात जावेच लागले.