‘कल्याण-प्रदीप’: मातेस लिहिलेल्या रणपत्रांची साधनचिकित्सा

जुन्या खासगी कागदांचा रुमाल संग्राहकाच्या हातीं आला म्हणजे राजकारणाचीं पत्रें प्रथम निराळीं निघतात, देण्याघेण्याचीं त्यामागून निघतात, आणि मुलानें आईस लिहिलेलें पत्र बहुधा तळाशीं राहतें. त्यांत क्षेमकुशलापलीकडे कांहीं नसावयाचें, असा समज असतो. हा समज किती फसवा आहे, हें मोक्षदा देवींच्या ‘कल्याण-प्रदीप’ या बंगाली ग्रंथावरून चांगलें दिसून येतें. ग्रंथ १९२८ सालीं कलकत्त्यास छापला गेला. परंतु साधनग्रंथ या नात्यानें त्याची परीक्षा आपल्याकडे व्हावी तशी झालेली नाहीं.

ग्रंथाचे नायक कॅप्टन कल्याणकुमार मुखोपाध्याय हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. ग्रंथकर्त्री त्यांची आजी. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी यांच्या त्या भगिनी. ग्रंथ लिहिला तेव्हां त्यांचें वय ऐंशीच्या घरांत होतें. १९१५ सालीं कल्याणकुमार मेसोपोटेमियांत गेले. ज्या सैन्याबरोबर ते होते तें जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहाव्या, म्हणजे पुणें, डिव्हिजनचें. आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणीही त्यांतच होत्या. म्हणून ग्रंथ बंगाली असला तरी महाराष्ट्राच्या अभ्यासकांस तो परका नाहीं. कूट-अल्-अमारा येथें हें सैन्य ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडलें व २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलें. कल्याणकुमार तुर्कांचे बंदिवान झाले आणि १९१७ सालीं रास-अल्-ऐन येथें वारले.

या ग्रंथाचे दोन थर आहेत. एक कल्याणकुमारांनीं आईस धाडलेल्या पत्रांचा, दुसरा त्यांभोवतीं आजीनें गुंफलेल्या चरित्राचा व मोहिमेच्या हकीकतीचा. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर पहिला थर समकालीन पत्राचा आणि दुसरा बखरीचा. राजवाड्यांनीं बखरीहून अस्सल पत्रास अधिक मोल कां दिलें, हें या मासिकाच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. तोच विवेक येथें ठेविला पाहिजे. मोहिमेचा वृत्तांत म्हणून आजीचें कथन दुय्यम होय. शोक एका घरानें कसा सोसला याचा पुरावा म्हणून मात्र तें अव्वल आहे. शिवाय छापील पत्र ही नक्कलच; आणि तीही वात्सल्यानें निवडलेली, हें विसरून चालणार नाहीं.

इतकी सावधगिरी राखूनही एका पत्रानें वाचक थबकतो. ऑक्टोबर १९१५ मधील या पत्राचा आशय असा: देशाभिमान म्हणून ज्या गुणाचा गौरव होतो त्याच्यापायीं जमिनीच्या तुकड्यासाठीं हजारों माणसें मारलीं जातात, आमच्या तरुणांनीं हा धडा इंग्रजांपासूनच घेतला, बाँब टाकणारा एकटा तरुण आणि हुकुमावरून गोळ्या झाडणारी तुकडी, दोघांच्याही कृत्याचें मूळ एकच. असे उद्गार पराभवानें खचलेल्या मनाचे असावेत, असें कोणासही वाटेल. पत्रावर तारीख नसती तर आम्हींही तें वेढ्यानंतरचें ठरविलें असतें. पण तारीख तसें करूं देत नाहीं. २८ सप्टेंबर रोजीं कूटची लढाई या सैन्यानें जिंकली होती. टेसिफॉनचा घातक संग्राम नोव्हेंबरांत व्हावयाचा होता. म्हणजे हें पत्र जयाच्या ऐन भरांत लिहिलेलें आहे. हा पराजिताचा वैताग नव्हे. जखमी बांधतां बांधतां एका डॉक्टराच्या मनानें काढलेला हा निष्कर्ष आहे. त्याचें सर्व ऐतिहासिक मूल्य त्या एका तारखेवर उभें आहे.

यावर आक्षेप येईल कीं, मुलगा आईपासून भय व दुःख लपवितो. मग अशा पत्रावर विश्वास कसा ठेवावा? आक्षेप खरा, पण अर्धाच. जखमा, उपासमार, संकट यांविषयीं मातेस लिहिलेलें पत्र कमीच सांगणार. तेथें त्याचें मौन हा पुरावा नव्हे. परंतु जें मत बोलून दाखविण्यांत लेखकाचा कांहींच लाभ नाहीं, तें तो आईजवळ उगीच कां बोलेल? वेढ्याच्या काळांत नेहमींची डाक बंद होती. तेथील उणीव दुसऱ्या साधनांनीं भरून काढावी लागते. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनीं बंदिवासांत टिपणें बुटांत लपवून राखलीं. परंतु त्यांवरून सिद्ध झालेलें ‘अभि ले बग्दाद’ १९५७ सालीं बाहेर आलें. एक साधन निकटचें पण संकोची, दुसरें मोकळें पण उशिराचें. दोन्ही ताडून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

कल्याणकुमार सुशिक्षित होते, आणि त्यांच्या आजीच्या हातीं लेखणी होती. मराठा पलटणींतील शिपायाची गोष्ट निराळी. त्याचें पत्र पुष्कळदां दुसऱ्यानें लिहिलेलें, आणि घरीं तें दुसऱ्यानेंच वाचून दाखविलेलें. फ्रान्समधील हिंदी फौजेच्या पत्रांतून तपासनिसांनीं काढलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण इंग्रजी उताऱ्यांत मूळ बोली, मायना आणि आईस घातलेली हांक कोठून सांपडणार? तीं मूळ पत्रें जीं घरपोंच झालीं तीं सातारा-रत्नागिरीकडील खेड्यांतच गेलीं. जीं उरलीं असतील तीं अजून एखाद्या पेटींत पदकाखालीं घडी होऊन पडलेलीं असावयाचीं.

संग्राहकांस म्हणून एवढीच विनंती आहे कीं, असें पत्र हातीं येतांच तिकिटासाठीं लखोटा तोडूं नये, डाकेचा शिक्का व तारीख पत्रापासून निराळीं करूं नये, आणि लेखनिक कोण होता हें घरांत विचारून टिपून ठेवावें. मोक्षदा देवींनीं वार्धक्यांत जें राखलें तें प्रेमानें राखलें. आपण निदान शास्त्र म्हणून तरी तें राखावें.