स्वर्गींचा वांटा आणि भूमीचा वांटा
(मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या एका अंगाचें परीक्षण)

१

आपल्याकडील जुन्या कागदपत्रांचे संग्राहक ख्रिस्ती मराठी ग्रंथांकडे वळतात, ते बहुधा भाषेकरितां. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराणां’त केलेली मराठीची स्तुति सर्वांस ठाऊक असते, परंतु त्या ग्रंथांतील वैकुंठांत कोणाचें आसन कोठें, आणि तें वर्णन ऐकणाऱ्या श्रोत्याच्या गांवांत जमिनीचा वांटा कोणास, हे दोन प्रश्न एकत्र मांडलेले क्वचितच आढळतात. त्यामुळें दोन मतें रूढ होऊन बसलीं आहेत. ख्रिस्ती धर्मानें या देशांत समता आणली, असें एक पक्ष म्हणतो. स्वर्गाची आशा दाखवून त्यानें येथील विषमता जशीच्या तशी राहूं दिली, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें दोघांचाहि दोष एकच आहे. पहिला पक्ष केवळ उपदेशाचे ग्रंथ वाचतो. दुसरा केवळ जमिनीचे व नोकरीचे कागद पाहतो. दोन्ही प्रकारचे कागद शेजारीं ठेविले असतां काय दिसतें, तें गोमंतकाच्या व कोल्हापूरच्या उदाहरणांनीं तपासून पाहण्याचा येथें हेतु आहे.

२

प्रथम सिद्धान्त पाहूं. ख्रिस्ती स्वर्गांत सर्व समान असतात, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पण ती पूर्णपणें बरोबर नाहीं. चवथ्या शतकाच्या अखेरीस जोव्हिनियन नांवाच्या एका साधूनें स्वर्गांतील फळ सर्व भक्तांस सारखेंच मिळतें, असें प्रतिपादिलें. संत जेरोम यांनीं इ. स. ३९३ च्या सुमारास त्याचें कठोर खंडन केलें, व चर्चनेंहि जेरोम यांचाच पक्ष धरला. पुढें १४३९ सालीं फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनें असें ठरविलें कीं, मुक्त जीव ईश्वरास प्रत्यक्ष पाहतात, परंतु पुण्याच्या मानानें कोणी अधिक पूर्णतेनें, तर कोणी कमी. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तांत पहाटे आलेल्या व दिवस मावळतां आलेल्या मजुरांस सारखाच एक दिनार मिळतो. ऑगस्टीन यांनीं याचा अर्थ असा लाविला कीं, दिनार म्हणजे अनंत जीवन, आणि तें सर्वांस सारखें. मात्र पित्याच्या घरांत राहण्याच्या जागा अनेक आहेत. सारांश, स्वर्गांत श्रेणी आहेत, पण मत्सर नाहीं व उपवासहि नाहीं.

पृथ्वीवरील द्रव्याविषयीं मूळ ग्रंथांत असाच दुहेरी सूर आहे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या दुसऱ्या व चवथ्या अध्यायांत यरुशलेमचे शिष्य जमिनी विकून पैसा एकत्र ठेवीत व ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटीत, असें सांगितलें आहे. पांचव्या अध्यायांत मात्र हनन्यास बजावलें आहे कीं, विकण्यापूर्वीं जमीन तुझीच होती. म्हणजे देणें ऐच्छिक होतें. पौलानें ओनेसिम या दासास त्याच्या धन्याकडे परत धाडलें. ‘भाऊ’ म्हणून धाडलें, पण परत धाडलें. या एका प्रसंगांत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. नातें बदललें; धनी व दास यांची मांडणी कायद्यानें मोडली नाहीं.

३

आतां गोमंतकाकडे वळूं. स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायरमधील जेसुइट. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ सालीं निवर्तले. मधला बहुतेक काळ त्यांनीं साष्टी प्रांतांत काढला. त्यांचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ या सालीं पुन्हां निघालें. या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत सांप्रत ज्ञात नाहीं. सालदान्ह यांनीं १९०७ सालीं मंगळुरास काढलेली आवृत्ति व लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित हे अभ्यासकांचे मुख्य आधार होत. त्या हस्तलिखितांत पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागीं अनेक ठिकाणीं संस्कृत शब्द योजलेले आहेत. म्हणून या ग्रंथांतील एकाच शब्दावर सामाजिक सिद्धान्ताची इमारत उभारणारानें प्रथम दोन्ही पाठ ताडून पाहावे, अशी आमची सूचना आहे.

शब्द सोडून कथेचा सांगाडा घेतला तर तो दोन्ही पाठांत एकच आहे. स्टीफन्स यांनीं स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. पहिल्या पुराणांत देवदूतांची उत्पत्ति व लुसिफेराचें पतन येतें. परमेश्वराच्या बरोबरीस येण्याची हांव हाच तो आद्य गर्व, व त्यांतूनच पाप उपजलें. म्हणजे कथेच्या उगमींच बरोबरीची इच्छा दोष म्हणून उभी राहते. दुसऱ्या पुराणांत याच्या नेमकें उलट घडतें. वैकुंठाचा धनी स्वतः खालीं उतरतो व गोठ्यांत जन्म घेतो. वरची पायरी चढूं पाहणारा पडतो, आणि वरून खालीं येणारा तारतो. नम्रतेचा हा उपदेश थोर आहे, यांत संशय नाहीं. परंतु तो ऐकणारांत गांवकरी व त्याचें कूळ शेजारीं बसले असतील, तर दोघांस त्यांतून सारखाच बोध झाला असेल असें म्हणवत नाहीं. श्रीमंतास तो देण्याची आज्ञा करतो, गरिबास सोसण्याची. मागण्याची आज्ञा कोणासहि नाहीं.

आतां त्याच भूमीचे कागद पाहा. साष्टींतील गांवांची मालकी गांवकरीकडे, म्हणजे गांव वसविणाऱ्या मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांच्या संस्थेकडे होती. शेतें पावणीनें खंडानें द्यावयाचीं, सरकारचें देणें व गांवखर्च भागवावयाचा, आणि उरलेली रक्कम ‘जोण’ म्हणून गांवकऱ्यांनीं वांटून घ्यावयाची, अशी ही रीत. अफोंसु मेशिय यांच्या १५२६ च्या फोराल सनदेंत पोर्तुगीज सरकारनें ही वहिवाट लेखनिविष्ट केली. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. पण गांवकरी मोडली नाहीं. ख्रिस्ती झालेला गांवकरी गांवकरीच राहिला, व त्याचें कूळ कूळच राहिलें. चर्चच्या बांधवसंघांतहि, ज्यांस तेथें ‘कोंफ्रारी’ म्हणतात, अनेक गांवीं जातवार विभागणी टिकली. वैकुंठांत जशा श्रेणी, तशा देवळाच्या उत्सवांतहि मानाच्या श्रेणी राहिल्या.

गांवकरीचे हक्क गेले ते एका निराळ्याच कारणानें. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीस रुदोल्फ आक्वाव्हिव्हा व त्यांचे सोबती मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें काम याच स्टीफन्स यांच्याकडे आलें. त्यानंतर त्या गांवकऱ्यांचे हक्क जप्त झाले. म्हणजे भूमीचा वांटा धर्मोपदेशानें हलला नाहीं. तो राजदंडानें हलला. पुराणकार हें सर्व डोळ्यांनीं पाहत होते, ही गोष्ट ग्रंथ वाचतांना विसरतां कामा नये.

४

कोल्हापूरचें उदाहरण अडीचशें वर्षांनंतरचें व निराळ्या पंथाचें आहे. तथापि प्रश्न तोच आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ सालीं अहमदनगरास आले, व १८५२ सालीं कोल्हापुरास येऊन त्यांनीं येथील मिशनचा पाया घातला. त्यांच्या नांवाचें उपासनामंदिर शहरांत आजहि उभें आहे. वाइल्डर यांनीं शाळांवर भर दिला. परंतु १८५४-५५ सालीं मिशनच्या अमेरिकेंतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानांत आले व त्यांनीं निराळें धोरण घालून दिलें. मिशनचें काम सुवार्ता सांगणें व स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या देशी मंडळ्या स्थापणें हें होय. शाळा ही गौण बाब, आणि इंग्रजी शाळा तर तरुणांस सरकारी नोकरीकडेच नेतात, असा त्यांचा आक्षेप होता. याच धोरणानुसार सिलोनांतील बट्टिकोटा विद्यालय १८५५ सालीं बंद झालें. वाइल्डर यांस हें मान्य झालें नाहीं. १८६१ सालीं न्यू यॉर्क येथें मिशनच्या शाळांवर ग्रंथ छापून त्यांनीं आपली बाजू मांडली, मंडळाशीं संबंध तुटला असतां स्वतंत्रपणें कोल्हापुरास परतले, व १८७० सालीं प्रेस्बिटेरियन मंडळानें तें मिशन पत्करलें.

हा वाद मिशनच्या इतिहासांत अंतर्गत भांडण म्हणून नोंदला जातो. आमच्या मतें त्याचें स्वरूप याहून खोल आहे. ज्या संस्थानांत जमीन, मान व कारकुनी वतनानें व जातीनें ठरत असे, तेथें ज्यास वतन नाहीं त्यास भूमींतील वांटा मिळण्याचा शाळा हाच एक मार्ग होता. अँडरसन यांस विद्यार्थी नोकरीकडे जातो याचा खेद होता. पण त्या विद्यार्थ्याच्या बापास तीच खरी सुवार्ता वाटली असल्यास नवल नाहीं. येथें अँडरसन यांसहि न्याय दिला पाहिजे. परकीय पगारावर पोसलेली मंडळी परावलंबी होईल, ही त्यांची भीति अनाठायीं नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस एकत्र जागा दिली. तो त्याच भीतीचा एक मराठी प्रतिसाद होय. परंतु दरबार हा शब्दहि श्रेणींचाच आहे, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

कोल्हापुरांत भूमीवरील समता आली ती अखेर स्वर्गाच्या भाषेंत आली नाहीं. ती हिशेबाच्या भाषेंत आली. शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांकरितां राखून ठेविल्या. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क वसतिगृह निघालें. पुढें निघालेल्या वसतिगृहांत देशी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेंहि एक होतें. १९१८ सालीं महार वतनें खालसा करून त्या जमिनी रयताव्यानें देण्यांत आल्या. फोरालनें वांट्याची जुनी रीत लिहून कायम केली. या हुकुमांनीं वांट्याची नवी रीत लिहून घातली. दोन्ही ठिकाणीं लेखणी राजसत्तेची होती, धर्मपीठाची नव्हती.

५

हा विचार केवळ गतकाळाचा नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३८ च्या आरंभीं सोलापुरास ख्रिस्ती समाजापुढें भाषण करतांना, हा समाज आपल्यावरील सामाजिक अन्याय दूर करण्यासाठीं झगडत नाहीं, अशी खंत व्यक्त केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्मीयांपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेले झाले नाहींत. २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. या वादांत अट ठेवावी म्हणणारांचा एक मुख्य युक्तिवाद असा असतो कीं, ख्रिस्ती धर्मांत जातिभेद नाहीं. म्हणजे पुराणांतील वैकुंठ हा कायद्यांत पुरावा म्हणून दाखल होतो! सिद्धान्तांत काय आहे यावरून गांवांत काय आहे हें ठरवावयाचें, हीच ती चूक, जी आम्हीं आरंभीं दाखविली. आणि येथें तिची किंमत ग्रंथकारास नव्हे, तर शाळकरी पोरास मोजावी लागते.

तेव्हां निष्कर्ष असा. ख्रिस्ती मराठी वाङ्मयानें समता आणली हें म्हणणें अतिव्याप्त आहे. त्यानें कांहींच केलें नाहीं हें अन्यायाचें आहे. त्यानें नातें बदललें. ‘भाऊ’ हा शब्द जेथें नव्हता तेथें नेला, व कोल्हापुरांत त्या शब्दास शाळेचा बांक मिळवून दिला. मांडणी बदलण्याचें काम मात्र त्यानें आपलें मानलें नाहीं. तें ज्यांनीं केलें त्यांस त्याचें श्रेय द्यावें.

संग्राहकांस शेवटीं एकच विनंति. ज्यांच्या घरीं वा देवळाच्या कपाटांत जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, मंडळीच्या वर्गणीचीं पुस्तकें, मिशनच्या शिक्षकांचीं पगारपत्रकें किंवा बांधवसंघांचे हिशेब असतील, त्यांनीं ते रद्दी समजून टाकूं नयेत. ओवीची पोथी जपणारे पुष्कळ आहेत. परंतु स्वर्गाचें वर्णन ज्यानें ऐकलें त्याची जात, त्याचा धंदा व त्याचा पगार या रुक्ष वह्यांतच लिहिलेला असतो. आणि पोथीचा खरा अर्थ लावावयाचा तर ती या वह्यांच्या शेजारीं उघडून ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं.