नकाराचा रकाना

जुलै २०२४ मध्ये रवांडात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. ९८ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि पॉल कागामे यांना ९९ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ६० टक्क्यांहून जास्त महिला आहेत, जगात सर्वाधिक. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ असतो. वस्तीतली माणसं एकत्र येऊन रस्ते साफ करतात, नाल्या खोदतात आणि काम आटोपलं की तिथेच बैठक घेतात.

देशाचं नाव झाकून हे आकडे कुणाला दाखवले तर तो म्हणेल, लोकशाही असावी तर अशी. पण ‘फ्रीडम हाउस’ या अमेरिकी संस्थेच्या अहवालात अलीकडची काही वर्षं रवांडाला १०० पैकी २५ सुद्धा गुण मिळत नाहीत. शेरा असतो, ‘मुक्त नाही’.

मग खरं काय? या लेखात मला हाच प्रश्न तपासायचा आहे, आणि तो रवांडापुरता नाही. मी हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरचा. नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे दिवसभर कोणत्या तरी डॅशबोर्डवरचे आकडे बघणं. आकडा वर गेला की सगळे खूश होतात. तो नक्की काय मोजतोय, हे विचारणारा मात्र मीटिंगमध्ये नकोसा होतो.

२०२१ मध्ये फ्रीडम हाउसने भारताला ‘मुक्त’मधून ‘अंशतः मुक्त’मध्ये टाकलं. त्याच वर्षी स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या ‘व्ही-डेम’ प्रकल्पाने भारताला ‘निवडणुका होणारी एकाधिकारशाही’ म्हटलं. तेव्हाचे आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा. निम्म्यांनी स्क्रीनशॉट टाकला आणि निकाल लागला असं जाहीर केलं. उरलेल्यांनी परदेशी कारस्थान म्हणून तो उडवून लावला. प्रश्नावली उघडून बघणारं कुणी दिसलं नाही. खरं तर तीच वाचण्यासारखी असते. निर्देशांक हेसुद्धा एक लिखाण आहे. कादंबरी वाचताना आपण विचारतो, सांगणारा कोण, तो कुठे उभा आहे, त्याला काय दिसत नाही. तेच इथेही विचारता येतं.

ब्रिटनच्या ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’चा लोकशाही निर्देशांक घ्या. त्यात ६० प्रश्न आहेत आणि ‘राजकीय सहभाग’ हा एक स्वतंत्र विभाग आहे. मतदान सातत्याने ७० टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण गुण. पण त्याखाली अटी आहेत. मतदान सक्तीचं असेल तर शून्य. निवडणूक मुळात मोकळी किंवा न्याय्य नसेल तर मतदान कितीही झालेलं असो, शून्य. पक्षांच्या सदस्यसंख्येच्या प्रश्नाखालीही तशीच ओळ आहे, सहभाग जबरदस्तीचा असेल तर शून्य. कोड लिहिणाऱ्याला या ओळी लगेच ओळखू येतील, ‘इफ’ची कंडिशन आहे ती. आकडा घेण्याआधी हा निर्देशांक विचारतो, नाही म्हणायची सोय होती का?

रवांडाचे आकडे पडतात ते याच अटीवर. डायान र्विगारा यांची उमेदवारी निवडणूक आयोगाने स्वीकारली नाही. व्हिक्टुआर इंगाबिरे यांचा रस्ता न्यायालयात अडला. उमुगांडाला न जाणाऱ्याला दंड होऊ शकतो. मग ९८ टक्क्यांत हौसेने आलेले किती आणि न येणं परवडलं नसतं म्हणून आलेले किती, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही.

व्ही-डेमची पद्धत वेगळी आहे. तिथे जगभरातले हजारो तज्ज्ञ आपापल्या देशाबद्दल प्रश्नांची उत्तरं देतात. त्यांना ‘कोडर’ म्हणतात, म्हणजे माझ्याच नावाची पण वेगळी जमात. एकाच प्रश्नाला अनेक कोडर लागतात, त्यांच्यातली मतभिन्नता गणिताने हाताळली जाते आणि अंतिम आकड्यासोबत अनिश्चिततेचा पट्टाही छापला जातो. ग्रुपवर फिरतो तो फक्त क्रमांक, पट्टा वाटेतच गळतो. एक गोष्ट मला फार आवडली. राजकारणावर घरात आणि चारचौघांत मोकळं बोलता येतं का, हा प्रश्न तिथे पुरुषांसाठी वेगळा आणि बायकांसाठी वेगळा विचारला जातो. एकच सरासरी काढली असती तर पारावरच्या पुरुषांच्या आवाजात बायकांची शांतता बुडून गेली असती.

तरी माझा आक्षेप आहे. तज्ज्ञ बहुधा राजधानीत किंवा विद्यापीठात असतो. त्याला संसद दिसते, वर्तमानपत्रांवरचा दबाव दिसतो, न्यायालयं दिसतात. गावच्या सभेत कोण गप्प बसलं हे त्याला कसं दिसणार? आणि आपल्याकडच्या बहुतेकांना राज्यसत्ता भेटते ती ग्रामपंचायतीत, तलाठ्याच्या टेबलावर किंवा रेशनच्या दुकानात.

लोकांच्या दारात जाणारं काम ‘आफ्रोबॅरोमीटर’ करतं. १९९९ पासून आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते घरोघरी जाऊन लोकांच्या भाषेत विचारतात. सभेला गेलात का, चारचौघांसोबत एखादा प्रश्न मांडलात का, राजकारणावर बोलताना माणसाला जपून बोलावं लागतं का. आणि शेवटी विचारतात, आम्हाला कोणी पाठवलं असं तुम्हाला वाटतं? बरेच जण ‘सरकारने’ म्हणतात. ज्याला समोरचा माणूस सरकारी वाटतो त्याची उत्तरं इतरांपेक्षा वेगळी येतात का, हे अभ्यासकांना त्यावरून तपासता येतं. इतका प्रामाणिक प्रश्न मी कोणत्याही कंपनीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये पाहिलेला नाही. आमच्याकडे कुणी कागद घेऊन अंगणात आलं की आधी विचारतात, ‘कोन्त्या योजनेचं हाये?’ पुढची सगळी उत्तरं त्या योजनेला दिलेली असतात.

आता आपल्या मोजमापाकडे येऊ. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. हजारो मतदारांच्या अल्लीपूरला शंभर सह्या पुरतात. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायदा सांगतो. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. कागदावर हे सगळं देखणं आहे. मी काकूला विचारलं होतं, तू सभेला जाते का? ती म्हणाली, ‘जातो ना. सही करतो.’ बोलते का? ‘मले कोन विचारते? अन् बोलून उद्या त्याइच्याच दारात जा लागते.’

रजिस्टरमध्ये काकू हजर आहे. तिने सांगितलेला हिशोब कोणत्याच रकान्यात नाही. दाखला, घरकुल, नळ, विहीर, सगळ्यासाठी ‘त्याइच्याच’ दारात जावं लागतं. आपल्या रजिस्टरला ती ‘इफ’ची अट कुणी लावलेलीच नाही.

नकार नोंदवायला जागा नसली की दोन अगदी उलट गोष्टी कागदावर सारख्या दिसू लागतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्याची बोली कोटींच्या घरात गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. पण व्हिडिओ बाहेर आला नसता तर काय राहिलं असतं? ‘निवडणूक बिनविरोध’ ही एक ओळ. म्हणजे पूर्ण एकमत.

दुसरीकडे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुन्हा बोलणं होतं. निर्णय घ्यायची घाई नसलेला अभ्यासगट वेगळा बसतो. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा बैठकांची वर्षं होती. इथेही कागदावर शेवटी तेच उरतं, पूर्ण एकमत.

मेंढ्यात एका माणसाचा नकार सगळ्या गावाला थांबवू शकतो. लिलावात ज्याच्याकडे पैसा नाही त्याला नकार द्यायची वेळच येत नाही. हा फरक बोकिलांच्या पुस्तकात दिसतो, कारण ते निकालासोबत बोलणी कशी होतात तेही सांगतात. ते गावाच्या बाजूने, आपुलकीने लिहितात, म्हणून वाचकाने थोडं सावध राहावं. पण एका गावाबद्दल जे काम असं पुस्तक करतं ते साठ प्रश्नांच्या तक्त्याला जमत नाही. उलट, दीडशे देशांसाठी दीडशे बोकील दरवर्षी मिळणार नाहीत, म्हणून तक्तेही लागतात.

बिनविरोधाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. निवडणुकीने गावं फुटतात. भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, बांधावरची भांडणं पेटतात. १९९४ च्या नरसंहारातून उठलेल्या रवांडातही एकोप्याचा हाच युक्तिवाद होतो, आणि त्या देशाने जे पाहिलं ते पाहता त्याला हसता येत नाही. पण एकोप्यालाच गुण दिले की काय होतं? २००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता, भांडणं गावातच सामोपचाराने मिटावीत आणि गावाला बक्षीस मिळावं. मात्र बक्षीस तंटे मिटण्याला असलं की तंटा उकरणारा माणूस गावाचे गुण घालवणारा ठरू शकतो. मजुरी बुडाली म्हणणारी बाई किंवा वाटणीत हिस्सा मागणारी बहीणसुद्धा मग ‘तंटा’च असते.

हा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने पंचायत विकास निर्देशांक जाहीर केला. देशातल्या २ लाख १६ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींना नऊ विषयांत गुण मिळाले. सुशासन हा त्यातला एक विषय आहे. देशांना गुण देणाऱ्या गोऱ्या संस्थांवर चिडून आपण मोकळे होत होतो, आता गावागावाला गुण मिळतात. त्यातली बरीच माहिती पंचायत आणि स्थानिक खातीच भरतात. जे रजिस्टर काकूची सही घेतं, त्यातूनच गावाची लोकशाही वर कळणार.

म्हणून मोजूच नये असं मी म्हणणार नाही. मोजलं नाही तर दांडगा म्हणेल तेच खरं राहतं. मला रजिस्टरमध्ये दोन-तीन रकाने वाढवून हवे आहेत. सभेत प्रश्न किती आले आणि त्यातले बायकांचे किती? विरोधात बोलणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात उतरलं का? वर्षातल्या किती सभा तहकूब होऊन गणपूर्तीविना उरकल्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या सभेत ‘नाही’ म्हणालेला माणूस पुढच्या सभेला आला का?

अ‍ॅपच्या भाषेत याला रिटेन्शन म्हणतात. एकदा आलेला माणूस परत येतो का, यावर कंपन्या जीव टाकतात. गावात हा आकडा काढायला तज्ज्ञ लागत नाही की स्वीडनचं विद्यापीठही लागत नाही. मागचं इतिवृत्त आणि आजची हजेरी, दोन कागद शेजारी ठेवले की झालं. ग्रामसभेचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येतं. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मागून बघा, आणि आधी हे शोधा की त्यात कुणी ‘नाही’ म्हटल्याची एक तरी ओळ आहे का.