अधिकार, शोध आणि कूटलेखन

जालन्याच्या मस्तगडावर बांधकामाचा काळ नोंदविणारा फारसी शिलालेख आहे. निजामुल्मुल्क आसफजाह ह्याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली हा किल्ला बांधला. तेथून ये-जा करणाऱ्या सामान्य मराठी माणसाला तो लेख वाचता येत नाही; तथापि त्याला गुप्त लेख म्हणता येणार नाही, कारण फारसी शिकेल त्याला तो खुला आहे. ह्याच जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. तेथे भाषा मराठीच होती, पण मराठी वाचकालाच ग्रंथ बंद होता. न कळणे आणि कळू न देणे ह्यांतील हा भेद कूटलेखनाच्या विचाराचा आरंभ होय.

सकळ लिपीचे तत्त्व साधे आहे. ठरावीक अक्षराऐवजी ठरावीक चिन्ह योजावयाचे, एवढेच. ग्रंथ कोणी वाचावा हे लिपी ठरवीत नव्हती; ते गुरुपरंपरा ठरवीत असे. नवदीक्षित आणि महंत ह्या दोघांना लिपीची किल्ली एकच. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे ह्यांनी ही लिपी उलगडली तेव्हा एखादी पोथी नव्हे, तर त्या लिपीतील सारे वाङ्मयच अभ्यासकांपुढे येण्याचा मार्ग मोकळा झाला. मराठी वाङ्मयेतिहासाचा त्यात मोठा लाभ झाला. कूटलेखन म्हणून पाहिल्यास मात्र पद्धतीचा दोष उघड होतो: किल्ली एक आणि अधिकार अनेक.

अमित सहाई व ब्रेंट वॉटर्स ह्यांनी २००५ साली ज्याचा पाया घातला, त्या गुणधर्माधिष्ठित कूटलेखनाने नेमका हाच दोष हेरला. २००७ साली जॉन बेथनकोर्ट ह्यांच्यासह त्यांनी मांडलेल्या रूपात वाचनाची अट कूटलेखातच गुंफलेली असते. रुग्णालयातील एखाद्या नोंदीला, ‘वाचणारा डॉक्टर असावा आणि क्षयरोग विभागातील असावा, किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी असावा’ अशी अट घालता येते. प्रत्येकाची किल्ली त्याच्या गुणधर्मांवरून घडविलेली असते. अट पुरी झाली तरच लेख उघडतो. अन्य विभागातील डॉक्टर आणि क्षयरोग विभागातील कारकून ह्यांनी आपापल्या किल्ल्या एकत्र केल्या तरी उपयोग होत नाही, कारण प्रत्येक किल्लीत एक निराळी यादृच्छिक संख्या मिसळलेली असते. अधिकाराचा विवेक माणसाच्या हातून गणिताच्या हाती गेला, असा ह्या पद्धतीचा दावा आहे.

हा दावा अर्धाच खरा आहे. अमुक मनुष्य डॉक्टर आहे, हे गणित जाणत नाही. ते किल्ल्या वाटणारी संस्था सांगते. तिच्याजवळ मूळ किल्ली असते आणि त्या किल्लीने कोणताही लेख उघडतो. महंताचे आसन येथे रिकामे झालेले नाही. त्यावर नवा अधिकारी बसला आहे. ही सत्ता अनेक संस्थांत विभागून देणाऱ्या पद्धती पुढे निघाल्या खऱ्या. पण गुणधर्मांची ग्वाही कोणी द्यावी, आणि बदलून गेलेल्या माणसाची किल्ली निरर्थक कशी करावी, हे प्रश्न व्यवहारात उरतातच.

दुसरा प्रश्न शोधाचा. कूटबद्ध संग्रह न उघडता त्यातील शब्द शोधण्याची रीत डॉन साँग, डेव्हिड वॅग्नर व एड्रियन पेरिग ह्यांनी २००० साली मांडली. संग्रह सांभाळणाऱ्याला शोधखूण दिली की शब्द न कळताही तो नेमके लेख काढून देतो. एका अर्थी सकळ लिपीतही असा शोध शक्य होता, कारण ‘गोसावी’ हा शब्द तीत नेहमी एकाच चिन्हमालेने लिहिला जाई. परंतु अशी पुनरावृत्ती हाच लिपी फोडण्याचाही राजमार्ग आहे. ज्या आधुनिक पद्धती सोयीसाठी समान मूल्याला समान कूटरूप देतात, त्यांची गतही वेगळी नाही. अमेरिकेतील २०० रुग्णालयांच्या नोंदींवर २०१५ साली झालेल्या अभ्यासात केवळ वारंवारतेच्या आधारे रुग्णांची माहिती मोठ्या प्रमाणात ओळखता आली.

मराठीच्या अभ्यासकाने येथे आणखी एक आक्षेप घेतला पाहिजे. ह्या रीतींत मूलतः नेमक्या रूपाचा शोध होतो. ‘किल्ला’ शोधल्यास ‘किल्ल्यात’, ‘किल्ल्याचा’, ‘किल्ल्यावरून’ ही रूपे सापडत नाहीत. उघड्या मजकुरात प्रत्यय व सामान्यरूप ओळखून मूळ शब्दाकडे जाता येते. कूटलेखात ती वाट बंद असते. सर्व रूपांच्या खुणा एकदम पाठविल्या, तर त्या एकाच शब्दाच्या आहेत हे संग्रह सांभाळणाऱ्याला कळते. मूळ शब्द आधीच ठरवून त्याची खूण सूचीत घातली, तर ‘माळ’ म्हणजे हार की उजाड जमीन, हा निर्णय कूटलेखनापूर्वी कोणीतरी घेतलेला असतो आणि शोधणाऱ्याला तो दिसत नाही. अशा रीतीने व्याकरणकारही नकळत अधिकाराचा वाटेकरी होतो.

तेव्हा ह्या पद्धतींचे मोल नाकारण्याचे कारण नाही; एका किल्लीने सर्व उघडण्याच्या अवस्थेपेक्षा त्या निश्चित पुढे आहेत. मात्र मराठी दप्तरे, रुग्णनोंदी वा हस्तलिखिते त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत: गुणधर्मांची ग्वाही कोण देणार, आणि एक शब्द कशास म्हणावयाचे. पहिलीचे उत्तर कायद्याने व प्रशासनाने द्यावयाचे आहे. दुसरीचे उत्तर भाषाशास्त्राच्या विभागांनी दिले नाही, तर ते मराठी न जाणणारा कोणी तंत्रज्ञ देऊन मोकळा होईल.