चेहऱ्यामागचे हात

शीवहून पनवेलकडे जाणारा मोठा रस्ता मानखुर्द ओलांडून खाडीच्या पुलाकडे वळूं लागला, कीं जाहिरातींचे प्रचंड फलक दिसूं लागतात. त्यांवर पुष्कळदां एकच मुख असतें. एखाद्या घराहून मोठें, डागविरहित, साबणाच्या वा दागिन्यांच्या निमित्तानें वाटसरूंकडे शांतपणें पाहणारें. खालीं मंडाळ्याच्या वस्तींतील पत्र्याचीं छपरें आणि भंगाराचे ढीग, पलीकडे हार्बर मार्गावरील गाडीच्या दारांत लोंबकळणारी माणसें. या विरोधावर अश्रु ढाळणें सोपें आहे, व तें पुष्कळांनीं केलेंहि आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या मुखाचा कर्ता कोण?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. कायद्याला विचारिलें तर तो चटकन् उत्तर देतो. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणें छायाचित्र घेणारी व्यक्ति ही त्याची कर्ती. आणि दुसऱ्या कोणीं दाम मोजून तें काढवून घेतलें असेल, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी त्या दाम मोजणाराची. म्हणजे कर्ता एक, मालक दुसरा, आणि जिचें मुख ती तिसरीच. पहाटेपासून त्या मुखापाशीं बसलेले जे आणखी चारपांच जण, त्यांची कायद्याला ओळखहि नाहीं. कायद्याचें एक वेळ सोडून देऊं. पण रसिकांना आणि टीकाकारांनाहि ती नसावी, हें आम्हांस खटकतें.

या विषयाचा विचार करावयाचा तर मराठी माणसापुढें पहिलें नांव येतें तें गौतम राजाध्यक्ष यांचें. १९५० सालीं मुंबईंत जन्मलेले हे गृहस्थ १९७४ मध्यें लिंटास या जाहिरातसंस्थेंत शिरले, तिच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख झाले, आणि १९८७ मध्यें नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करूं लागले. २०११ च्या सप्टेंबरांत ते वारले. लिंटास ही मुळांत लीव्हर या साबण करणाऱ्या कंपनीचीच जाहिरातशाखा होती, हें येथें लक्षांत ठेवावें. त्याच घराण्याच्या लक्स साबणाच्या जाहिरातींत १९४१ सालीं आमच्या लीला चिटणीस झळकल्या, तेव्हां नटीचें मुख आणि न्हाणीघरांतील वडी यांची जी गांठ पडली ती अद्याप सुटलेली नाहीं. राजाध्यक्षांची दृष्टि या शाळेंत घडली. परंतु त्यांच्या अंगीं दुसरेंहि कांहीं होतें. ते लेखक होते. 'चंदेरी' या मराठी चित्रपट-नियतकालिकाचे संपादक होते. 'बेखुदी' (१९९२) या हिंदी चित्रपटाचें लेखनहि त्यांचेंच. १९९७ सालीं त्यांचा 'फेसेस' हा ग्रंथ निघाला. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंत चित्रसृष्टींतील कित्येक पिढ्या त्यांत एका बैठकींत बसविल्या आहेत. 'चेहरे' या मराठी पुस्तकामुळें तर हें नांव मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत पोंचलें.

त्यांच्या चित्रांची रीति ओळखावयास फार सायास पडत नाहींत. पार्श्वभूमि बहुधा साधी, प्रकाश मऊ, आणि मुख इतकें जवळ कीं पाहणारास क्षणभर संकोच व्हावा. सावली आहे, पण ती कोठेंहि बोचत नाहीं; गालावरून हनुवटीकडे उतरतांना ती सायीसारखी पातळ होत जाते. डोळ्यांत प्रकाशाचा एक ठिपका. बसणारी व्यक्ति आपणांस कोणी पाहत आहे हें जाणते, परंतु त्याचें तिला ओझें वाटत नाहीं. हा शेवटचा गुण यंत्राचा नव्हे. तो संभाषणाचा आहे. समोरच्याला बोलतें ठेवावें, त्याच्या आवडीचें गाणें, त्याच्या जुन्या भूमिका यांची आठवण काढावी, आणि कवच सैल झालें कीं कळ दाबावी, ही विद्या ज्याला साधली त्याचें अर्धें काम झालें. आणि राजाध्यक्षांना ती साधली होती असें त्यांचीं चित्रेंच सांगतात.

त्यांच्यावर आक्षेप असा घेण्यांत येतो, कीं त्यांनीं कोणालाहि कुरूप, थकलेलें वा कडवट दाखविलें नाहीं. म्हणून हीं चित्रें म्हणजे खुशामत होय. हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. तरुण नटीस जो मऊ प्रकाश, तोच वृद्ध नटीस; त्यामुळें वयानें चेहऱ्यावर जें लिहून ठेविलेलें असतें त्यांतील कांहीं ओळी वाचावयाच्या राहून जातात, हें खरें. एका पानावरून दुसऱ्या पानावर जातांना सर्वांना एकाच घरचें आतिथ्य मिळाल्याचा भास होतो, आणि थोड्या वेळानें त्या आतिथ्याचाच कंटाळा येऊं लागतो. पण खुशामत आणि माया यांत भेद आहे. खुशामत करणारा समोरच्याचें तोंड पाहतच नाहीं. येथें तर तें फार वेळ, फार जवळून पाहिलेलें आहे. ज्या चित्रसृष्टीनें आपल्या म्हाताऱ्या माणसांना सहसा दारांतहि उभें केलें नाहीं, तिच्यांतील एका माणसानें त्यांना बोलावून, बसवून, नीट प्रकाशांत पाहावें, या गोष्टीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं.

आमची खरी तक्रार त्यांच्याविषयीं नाहींच, ती आपणां सर्वांविषयीं आहे. 'राजाध्यक्षांचा फोटो' म्हणतांना आपण एका माणसाचें नांव घेतों, आणि तें चित्र एका माणसाचें असतें असें समजतों. अशा कामाच्या खोलींत एकदां कोपऱ्यांत बसून पाहावें, म्हणजे हा समज टिकत नाहीं. आम्ही तसे बसलों आहों.

खोलींत पहिला शिरतो तो रंगभूषाकार. त्याला सारे 'दादा' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या नटनटींचे चेहरे रंगवून २०२० सालीं वारलेले पंढरीनाथ जूकर हेहि सर्वांचे पंढरीदादाच होते. दादा प्रथम कांहींच रंगवीत नाहीं. तो मुख धुववितो, त्वचेला ओलावा देणारें मलम लावितो, आणि तें मुरेपर्यंत चहा घेतो. मग गळ्याच्या व हनुवटीच्या मधल्या जागीं रंगाची एक रेघ ओढून पाहतो. हातावर रंग जुळवून पाहणारा नवशिका समजावा, कारण हाताचा वर्ण मुखाचा नसतो. कोणत्या लेपांत काय आहे हें त्याला ठाऊक असावें लागतें. ज्यांत जस्ताची वा टायटॅनियमची भुकटी असते असा लेप आरशांत निर्दोष दिसतो. पण छायाचित्राचा लखलखाट पडतांच तीच भुकटी प्रकाश परतवून लाविते, आणि चित्रांत मुख पीठ फांसल्यासारखें पांढरें येतें. सारी सकाळ फुकट जाते ती अशी.

आतां खरी गंमत पुढें आहे. दादानें गालांच्या हाडांखालीं गडद रंगाची छटा देऊन गालांना जी खोली आणिली, ती छायाचित्रकारानें दिवा सरळ समोर ठेविला तर पुसून जाते. तोच दिवा वर चढविला तर नाकाखालीं व भिंवयांखालीं सावल्या उतरतात, आणि तीच छटा दुप्पट होऊन मुख आजाऱ्यासारखें दिसतें. म्हणून छातीशीं थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून खालून प्रकाश परतवावा लागतो. तो धरणारा पोऱ्या चार बोटें हलला तरी डोळ्यांतील ठिपका जागा बदलतो. केशभूषा करणारी बाई केसांची जी बट मोकळी सोडते, तिच्यावर मागून प्रकाश आला तर ती सोन्याच्या तारेसारखी चमकते, न आला तर नुसता विस्कटलेला केस. वस्त्रें पाहणारी मुलगी नटीच्या पाठीमागें चिमटे लावून पोलक्याचा फुगवटा आंवळून धरते. पुढून राजकन्या, मागून चिमट्यांची वाळत घातलेली दोरी. आणि जी मध्यें बसली आहे तीहि नुसतें मातीचें मडकें नव्हे. हनुवटी दोन अंगुळें पुढें घेऊन मान लांबविणें, ओठ न हलवितां डोळ्यांनीं हंसणें, आणि हें सारें शंभरदां तितक्याच ताजेपणानें करणें, ही मेहनत ज्याला हलकी वाटते त्यानें एकदां आरशापुढें करून पाहावी.

सांगण्याचा मुद्दा असा, कीं येथें एकाचें काम दुसऱ्याच्या कामावर नुसतें रचलेलें नसतें. एकाला दुसऱ्याचें काम नासवितां येतें. म्हणूनच त्यांना आधीं एकत्र बसून बोलावें लागतें. ज्या दिवशीं तें बोलणें झालेलें नसतें, त्या दिवशींचें चित्र पाहतांच ओळखूं येतें: मुख एका ऋतूंतलें, केस दुसऱ्या, आणि प्रकाश तिसऱ्याच घरचा. मानखुर्दच्या फलकांवरील कित्येक चित्रें याच जातीचीं असतात. त्यांवर शेवटीं संगणकावर बसणाऱ्या कारागिराचा हात फिरतो. पूर्वीं निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनें सुरकुती पुसणारा कारागीर एक एक रेघ विचार करून पुसत असे. आतां सारी त्वचाच एका दमांत गुळगुळीत करतां येते, आणि तिच्याबरोबर दादाची सकाळची मेहनतहि निघून जाते. उरतें तें मेणाचें मुख. तें कोणाचेंच नसतें.

असा प्रकार आपल्याकडे प्रथमच घडत आहे असें मात्र नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढिला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. घरोघरच्या भिंतींवर त्याची लक्ष्मी आणि सरस्वती आली ती या छापखान्यांतून. एकेका रंगासाठीं वेगळा दगड, आणि त्या दगडांवर चित्र उतरविणारे हात वेगळे. तरी आपण सारें रविवर्म्याचें म्हणून नमस्कार करतों. दादासाहेब फाळके यांनींहि त्या छापखान्याचें काम केलें होतें. त्यांचें नांव राहिलें तें पुढें त्यांनीं चित्रपट काढिले म्हणून. रविवर्म्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा हा स्वतः कुशल चित्रकार, भावाच्या कामांत वर्षानुवर्षें हात घालणारा. त्याची रोजनिशी छापून निघाली नसती तर त्याला किती जणांनीं ओळखलें असतें?

नांव नसण्याचें दुःख मानाचेंच असतें असें नाहीं, तें पोटाचेंहि असतें. हिंदी चित्रसृष्टींत सुमारें सहा दशकें स्त्रियांना केशभूषा करण्याची मोकळीक होती, परंतु रंगभूषाकार म्हणून कामगार-संघटनेचें ओळखपत्र मिळत नसे. पुरुषांच्या पोटावर पाय येईल हें कारण. स्त्रीच्या मुखावर रंग लावण्याचा हक्क स्त्रीला नाहीं, हा न्याय इतकीं वर्षें कोणासहि विचित्र वाटला नाहीं! चारू खुराना व त्यांच्या सहकारी भगिनींनीं दाद मागितली, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही बंदी घटनाविरोधी ठरविली. तोंवर ज्या बायकांनीं चोरून, दुसऱ्याच्या नांवावर, गाडींत लपून रंगभूषा केली, त्यांचे हात ज्या मुखांवर फिरले तीं मुखें आपण आजहि कौतुकानें पाहतों. त्यांतलें कोणतें कोणाचें, तें सांगणारा आतां कोणी नाहीं.

दुसरी गोष्ट वर्णाची. कारागिरांचीं नांवें झांकून ठेविलीं, म्हणजे केलेल्या कामाचा जाबहि कोणाला विचारतां येत नाहीं. सांवळी मुलगी फलकावर चढेपर्यंत गोरी होते. ती कोणीं केली? छायाचित्रकार दादाकडे बोट दाखवितो, दादा संगणकवाल्याकडे, तो जाहिरातदाराकडे, आणि जाहिरातदार तुमच्याआमच्याकडे. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या गोरेपणाच्या प्रसिद्ध मलमानें २०२० सालीं आपलें नांव बदललें, आणि जाहिरातदारांच्या नियामक मंडळानें २०१४ मध्येंच सांवळेपणाची हेटाळणी करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. तरी फलकांवरचा रंग फारसा उतरलेला आम्हांस दिसत नाहीं. चांगल्या रंगभूषाकाराला सांवळ्या त्वचेखालचा तांबूस झगा प्रकाशांत कसा आणावा हें उत्तम कळतें. त्याला तें करूं दिलें जात नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल कीं मासिकांच्या कोपऱ्यांत रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा यांचीं नांवें बारीक अक्षरांत असतातच. असतात खरीं, चष्मा लावून शोधावीं लागतात. फलकावर तर तींहि नसतात. चांगली रीति कोणती हें शिकण्यासाठीं मराठी माणसाला दूर जावयास नको. शिवाजी मंदिरांत किंवा कोणत्याहि तालुक्याच्या नाट्यगृहांत तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, आणि अंधारांतून आवाज येतो: नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना अमुक, वेशभूषा, रंगभूषा अमुक. प्रेक्षक तोंवर खुर्च्या शोधीत असतात, खोकत असतात, वडा संपवीत असतात. कित्येकांचें लक्षहि नसतें. पण नांव उच्चारलें जातें तें पडदा उघडण्याच्या आधीं, आणि पडद्यामागें पावडरीचा पफ हातांत घेऊन उभा असलेला माणूस तें ऐकत असतो.