सव्वीस जुलैचा लाल सुळका

जुलैचा शेवटचा आठवडा आला की एक आलेख हमखास फिरायला लागतो. सांताक्रूझ वेधशाळेचा 2005 सालचा रोजचा पाऊस, रेषेखालची जागा निळ्या रंगाने भरलेली, आणि मध्येच वर गेलेला एक लाल सुळका. त्याच्या टोकाला 944 मिलिमीटर. यंदा मीही तसाच एक काढला, ग्रुपवर टाकला, आणि बोरिवलीच्या मावशीचा दोन मिनिटांत फोन आला. "अगं, सत्तावीस कुठून आणलीस? सव्वीस तारीख, मंगळवार. अंधेरीहून चालत आलेय मी, मला सांगतेस?"

मावशीचं बरोबर होतं आणि माझा डेटाही चुकीचा नव्हता. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी 8:30 ला संपतो, आणि आकडा संपतो त्या तारखेवर लिहिला जातो. म्हणून सव्वीसच्या दुपारचा पाऊस तक्त्यात सत्तावीसवर बसतो. साध्या निळ्या आलेखात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. एक बिंदू लाल केला की लगेच दिसतं, कारण रंग म्हणजे बोट दाखवणं असतं, आणि माझं बोट चुकीच्या दिवसाकडे होतं.

पण तारखेचं लेबल सुधारता येतं. माझ्या आलेखातली मोठी चूक वेगळीच होती, आणि ती अशा बहुतेक आलेखांत असते.

एरिया चार्टमध्ये एकटा बिंदू रंगवायला गेलात तर आधी कोडच अडवतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये भरण्यासाठी फिल-बिटवीन वापरतात. त्याला 'व्हेअर'मध्ये अट देता येते: पाऊस 204.4 च्या वर असेल तिथे लाल. मी दिली. सगळा आलेख निळाच राहिला! कारण हे फंक्शन बिंदू रंगवत नाही, दोन बिंदूंमधली जागा रंगवतं. शेजारचे दोन्ही दिवस अटीत बसत नसतील तर मधल्या एकट्या दिवसाला जागाच उरत नाही. म्हणजे मुंबईच्या नोंदीतला सगळ्यात भयानक दिवस हाच नेमका गाळला जातो. हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, पण ते आपण आलेख बिघडल्यावर वाचतो.

मग उपाय सापडतो: खालची रेषा 204.4 वर ठेवायची आणि 'इंटरपोलेट' चालू करायचं. आता लाल त्रिकोण छान उमटतो. मी इथेच खूश होऊन थांबले होते. पण त्या त्रिकोणाचा पाया किती रुंद आहे ते मोजा. शेजारचे दिवस जवळपास कोरडे धरले, तर रेषा 204.4 ओलांडते ती टोकाच्या सुमारे 19 तास आधी, आणि तितक्याच तासांनी परत खाली येते. मिळून दीड दिवसाहून जास्त काळ 'अतिमुसळधार'. त्या लाल भागाला डेटात काहीच आधार नाही. दोन आकडे सरळ रेषेने जोडले, एवढंच.

प्रत्यक्षात काय झालं होतं? सकाळ साधीच होती. बहुतेक पाऊस दुपारी अडीचनंतर काही तासांत पडला. हा तपशील गेला की आलेखातून गोष्टच गेली. मुंबईचे जुने नाले ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी धरून, बांधलेले होते. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी 50 ची शिफारस केली. आता 944 ला 24 ने भागा: ताशी 39 च्या आसपास. म्हणजे दिवसभर पसरवलेला पाऊस बघून कुणीही म्हणेल, 50 चे नाले झाले असते तर निभावलं असतं. आलेखाने तो आणखी पसरवला, तर प्रश्न आणखी सोपा वाटतो. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरीपर्यंत पाण्यात अडकलेल्या माणसाला हे उत्तर द्यायची माझी हिंमत नाही.

आर वापरणाऱ्यांनी हसू नये. जीजीप्लॉटमध्ये एरियाच्या रंगाला वर्ग जोडलात तर प्रत्येक वर्गाचा वेगळा बहुभुज होतो आणि मधल्या गाळलेल्या दिवसांवरून सरळ उडी मारतो. न पडलेला पाऊस रंगतो.

रंगांच्या पायऱ्यांचंही एक आहे. खात्याच्या वर्गवारीत 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून जास्त मुसळधार, 204.4 च्या वर अतिमुसळधार. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73 च्या आसपास पाऊस झाला, म्हणजे तोही 'मुसळधार'. रंगात बघितलं तर कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात दोन पायऱ्या, आकड्यात जवळजवळ तेरा पट. आणि 205 व 944 यांना एकच लाल. इथे उंचीच खरं बोलते, त्यामुळे रंगावर जास्त भार टाकू नये.

मी शेवटी भराव फिकट राखाडी केला आणि त्यावर 'स्कॅटर'ने फक्त ठिपके ठेवले, रोजच्या आकड्यावर एक. रंग ठिपक्याला, जागेला नाही. (खरं तर रोजच्या बेरजेला स्तंभच हवेत, एरिया शोभतो तो तासागणिक वाढत जाणाऱ्या एकूण पावसाला.) रंगांची यादी ओळक्रमांकावरून करायची नाही. 1 जूनपासून शून्य धरून मोजलं तर 27 जुलै 56 वा येतो, पण आधीची एखादी रिकामी नोंद वगळली की 56 वर 28 जुलै येऊन बसतो आणि लाल रंग मुकाट्याने तिकडे सरकतो. कोड काही तक्रार करत नाही. म्हणून अट तारखेवर किंवा आकड्यावर. लाल ठिपक्याला चौकोनी आकारही दिला, लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांसाठी.

ठिपक्याशेजारी आता लिहिलंय: '26 सकाळी 8:30 ते 27 सकाळी 8:30'. मावशीला परत पाठवला. तिने विचारलं, यात दुपार कुठली ते कसं कळणार? कळत नाही. त्यासाठी तासाच्या नोंदी लागतील, आणि सध्या मी त्यांच्याच मागे आहे.